कुंकू लागलेला डोंगर

देवपुरातले आमचे शेजारी, पाइपांच्या दुकानाचे शेठ, एरवी तारस्वरात बोलतात; फोटोंसमोर मात्र कुजबुजतात. रंगीत निसर्गचित्रण सुरू करणाऱ्या जुन्या छायाचित्रकारांचे, मोजक्याच प्रती काढलेले फोटो ते जमवतात. उन्हानं रंग उडतील म्हणून दिवाणखान्याचे पडदे कायम ओढलेले. चहासुद्धा अंधारातच प्यायचा.

परवा नवा फोटो आला. घरात नवी वस्तू आली, म्हणून त्यांच्या आईनं कौतुकानं थेट बर्फाच्या शिखरावर कुंकवाचं बोट टेकवलं. काच अजून बसायची होती. मी पुसायला घाईघाईनं रुमाल काढला.

शेठ बराच वेळ वाकून बघत राहिले.

"भाऊ, जगात याच्या पन्नास प्रती आहेत," ते कुजबुजले, "पण अशी एकच."

मग फोटो आईपुढे धरून म्हणाले, "आई, अक्षता राहिल्या ना!"