राखणदाराच्या शेजारची जागा

लाहू वरठा मूळचा वेवजीचा. तलासरीच्या पुढे हायवेवर एक वजनकाटा आहे, तिथे तो चौदा वर्षं कामाला आहे. ट्रकचं मागचं चाक काट्यावर पूर्ण चढलंय का, क्लीनर खाली उतरलाय की केबिनमध्ये आडवा पडलाय, हे तो आकड्याआधी बघतो. वजनात फसवणारे इतके जण त्याने पकडलेत की एखादा सरळ वागला तर तो जास्तच बेचैन होतो. काहीतरी आपल्या नजरेतून सुटलं, असं त्याला वाटत राहतं.

असा माणूस खेळायला लागला तो दिपेशमुळे. दिपेश त्याचा शाळेपासूनचा सोबती, डहाणूला बर्फाच्या कारखान्यात कामाला. रविवारी दुपारी तो त्याला किंजलच्या वडिलांच्या दुकानाच्या माळ्यावर घेऊन गेला. किंजल मुंबईत शिकून आलेली. तिथे खेळलेला खेळ तिने मराठीत उतरवून काढला होता. प्रत्येकाने कागदावर एक माणूस लिहायचा, त्याची सोंगटी चौकटींच्या नकाशावर ठेवायची. किंजल गोष्ट सांगणार, शत्रूही तीच चालवणार, आणि प्रसंग आला की वीस बाजूंचा फासा टाकायचा. माणसं चार तऱ्हेची: राखणदार, शिकारी, जाळेवाली, भगत. लाहूने चारही कागद दोनदोनदा वाचले आणि राखणदार घेतला. भाला जड, अंगावर कातड्याचं चिलखत. दिपेशने झाडपाल्याची औषधं देणारा भगत घेतला. नरपडची निलम तामोरे, घरची मासळी विकणारी, हसत म्हणाली, "मला जाळंच द्या, दुसरं काय जमणार!"

दोन महिने झाले, तरी लाहूचा राखणदार दर लढाईत आडवा होत होता आणि निलमची जाळेवाली जिंकत होती.

लाहूला ते पटेना. एका रविवारी निलम फोन घ्यायला खाली गेली, तेव्हा त्याने तिचा फासा उचलला आणि मिठाच्या दाट पाण्याच्या पेल्यात सोडला. फासा एका बाजूने जड असेल तर तरंगताना तोच आकडा परत परत वर येतो, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. त्याने सात वेळा बोटाने फिरवला. सात वेळा वेगळा आकडा आला. त्याने फासा पुसून जागेवर ठेवला. दिपेश हे सगळं बघत होता.

फासा चोख, म्हणजे नियमातच गोम असणार. ट्रक नसले की लाहू काट्यावरच्या टेबलाशी बसून एकटाच फासे टाकायला लागला. समोर एकच शत्रू, आणि प्रत्येक माणसाच्या शंभर लढाया. राखणदार चौसष्ट जिंकला. शिकारी एक्कावन्न. जाळेवाली एकोणतीस. भगत सतरा.

पुढच्या रविवारी त्याने वही सगळ्यांपुढे टाकली.

"कागदावर हिची जाळेवाली माझ्या निम्मीपण नाही. मग दर वेळी हीच कशी जिंकते? किंजल, तू हिच्या वेळी शत्रूची ताकद कमी धरतेस."

किंजलचा चेहरा उतरला. "लाहूदादा, मी सगळ्यांसमोर आकडे लिहिते."

"आणि फासा तर तू मिठाच्या पाण्यात घालून बघितलास," दिपेश म्हणाला.

निलमने लाहूकडे पाहिलं. "माझा? मला न विचारता?" ती उठली. "आठवड्यात तीन तास मी स्वतःसाठी काढते, लाहूदादा. बाजारात गिऱ्हाईक रोज विचारतं, मासळी ताजी का, खरं सांग. इथेही तेच ऐकायचं?" ती जिना उतरून गेली.

उतरताना दिपेशने लाहूला खांद्याला धरून थांबवलं. "तू शंभर लढाया एकट्याने केल्यास ना? खेळात शत्रू टोळीने येतात, तिथे एकटं कोण लढतं? दोघं शेजारी असले की दोन फासे मिळतात, मोठा आकडा धरायचा. निलम आणि मी कायम शेजारी असतो. तुझा राखणदार आमच्यापासून चार चौकटी लांब उभा असतो, आमच्यावर नजर ठेवून. पहिल्याच दिवशी माझ्या भगताची झोळी तपासली होतीस. तुझ्याजवळ कोण येणार?"

लाहूला दिपेशचंही खरं वाटलं नाही. सोमवारी तो परत फासे घेऊन बसला. या वेळी जाळेवालीशेजारी एक सोबती ठेवून. शंभरात एक्याऐंशी. मोजणी चुकली असेल म्हणून त्याने पुन्हा शंभर लढाया केल्या. एकोणऐंशी.

दोन रविवार निलम आली नाही. तिसऱ्या आठवड्यात लाहू नरपडला गेला. ती बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील वाळत घालत होती. तिने हात थांबवला नाही.

"चूक माझी," लाहू म्हणाला. "फासा चोख होता. तूही."

"फासा आधी तपासलास, आणि मला चोर नंतर म्हणालास. म्हणजे चोख निघाल्यावरसुद्धा."

लाहू म्हणाला, "हो."

"येईन मी. पण किंजलने बोलावलंय, तिच्या शब्दाखातर. तुझ्यावर भरवसा ठेवून नाही."

ती आली. खेळ सुरू झाला तशी लाहूने आपली सोंगटी तिच्या सोंगटीशेजारी नेऊन ठेवली. निलमने आपली एक चौकट बाजूला सरकवली. पुढच्या रविवारीही तसंच झालं. लाहूचा राखणदार दोन्ही वेळा एकट्याने लढून मेला.

दरम्यान किंजलने त्याची वही मागून घेतली होती. भगताचे शंभरात सतरा बघून तिने कपाळावर हात मारला. दिपेश इतके दिवस एवढा दुबळा माणूस घेऊन खेळत होता आणि त्याने एकदाही कुरकूर केली नव्हती. लाहूने आणि तिने बसून भगताला दोन नव्या औषधी दिल्या, परत शंभर लढाया केल्या, आणि आकडा त्रेचाळीसवर आणला.

तिसऱ्या रविवारी लाहूने सोंगटी शेजारी ठेवली, तेव्हा निलमने आपली सरकवली नाही.

"दोन फासे घे," ती म्हणाली. "पण मला दिसतील असे टाक."