फराळाच्या डब्यातला कार्बोरेटर

चहा यायला अजून वेळ आहे, तोवर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकून घ्या. नाहीतरी कराडात कुठल्याही टपरीवर ती तुम्हाला ऐकायला मिळेलच. पण तिथं लोक मीठमसाला फार घालतात. परवा एकजण सांगत होता म्हणे, की मी दिवाळीत सोन्याचे लाडू वाटले!

सोन्याचे नव्हेत हो. पितळेचे. आणि लाडूही नव्हेत.

आमचे सासरे, त्यांना मी मामा म्हणतो, फौजेतून सुभेदार होऊन गावी परतले तेव्हा त्यांनी एक स्कूटर घेतली होती. गावातली पहिली. डाव्या अंगाला कलंडवल्याशिवाय ती सुरू व्हायची नाही. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, सुभेदार वाकून गाडीच्या कानात काहीतरी सांगतायत. पुढं ती थकली आणि गोठ्यात गेली. तिच्या शेजारच्या म्हशी बदलल्या, गाडी तीच राहिली.

मी निवृत्त झालो आणि मला अवदसा आठवली. सरकारी कचेरीत उभा जन्म दुसऱ्यांची कामं अडवण्यात गेला; म्हटलं, आता एखादं काम तडीला नेऊन बघावं, कसं वाटतं ते. गाडी टेम्पोत घालून कराडला आणली. खोलायला एक रविवार पुरला.

जोडायला? तो विषय आपण जरा पुढं ढकलू. मीही तेच केलं.

जुनी गाडी नीट करताना सुट्या भागांची अडचण नसते हो, उत्साहाची असते. एक बोल्ट निघावा म्हणून आठवडाभर त्याला तेल पाजायचं. मग तो निघतो, पण निघताना अर्धाच निघतो. उरलेला अर्धा आत बसून आपल्याला हसत असतो. रंग द्यावा तर त्याच दिवशी शेजारी भिंत फोडायला काढतात. सलीम मिस्त्रींना घरी आणून दाखवली, तर ते तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाले, "साहेब, हिला छान रंग द्या आणि बैठकीत ठेवा. मागच्या सीटवर कुंडी झकास बसंल."

आमच्या घरच्या मालकिणीला, सुमनला, तर कुंडीची कल्पनाच जास्त पसंत पडली.

वाचायचा नाद मला पहिल्यापासून. उत्साह टिकवावा कसा, यावर हाताला लागेल ते वाचून काढलं. त्यातले दोन उपदेश मनात बसले. एक, आपला संकल्प चारचौघांत बोलून टाकावा. दोन, कामाची जागा प्रसन्न ठेवावी. या दोन्ही उपदेशांनी मला बुडवलं. लिहिणाऱ्यांनी बहुधा कधी स्कूटर खोललेली नसावी.

पहिला उपदेश मी मामांच्या घरी पंगतीत अमलात आणला. मामांचं सहस्रचंद्रदर्शन दिवाळीनंतरच्या पौर्णिमेला करायचं ठरत होतं. मी भरल्या पंगतीत म्हणालो, "मामा, त्या दिवशी तुम्ही तुमच्या स्कूटरवरनं देवळात जायचं. तुम्ही पुढं, मी मागं!"

मामांचा घास हातातच राहिला. या माणसाला मी कधी गहिवरलेलं पाहिलं नव्हतं. लेकीच्या पाठवणीतसुद्धा ते जेवणारांची पानं मोजत होते. पण त्या दिवशी पाण्याचा घोट घेऊन म्हणाले, "बगा हं जावयबापू. माजं गुडघं गेल्यात. गावात कवा फिरणं न्हाई का काय न्हाई. पर त्या गाडीवर यकदा बसायचं हाय. मी तवर तग धरतो, तुमी गाडीला धराय लावा."

झालं! तेव्हापासून माझी झोप उडाली. म्हाताऱ्यानं तग धरला होता; गाडी धरत नव्हती.

मग दुसरा उपदेश. माझं सगळं सामान रंगाच्या गंजक्या डब्यांत पडलेलं. त्यात हात घातला की उत्साह तिथंच मरायचा. म्हटलं, हे भाग चकचकीत स्टीलच्या डब्यांत ठेवले तर? आता आपल्याकडं स्टीलच्या डब्यांना काय तोटा? दिवाळीला कुणाचा फराळाचा डबा येतो. झाकणावर मालकाचं नाव कोरलेलं असतं, आणि रिकामा डबा परत करायचा नाही अशी आपली रीत. त्यामुळं तो वर्षभर आपल्याच घरात पुढच्या दिवाळीची वाट बघत बसतो. असे तीन मी उचलले. शेजारच्या कदम वहिनींच्या डब्यात गिअरची दातेरी चाकं. विट्याच्या साडूंच्या डब्यात कार्बोरेटरचे पितळी भाग. आणि मामांच्या डब्यात वेग दाखवणारा काटा, हॉर्न आणि कुलूप.

काय सांगू, जादूच झाली! रोज संध्याकाळी गॅलरीत बसून मी एकेक डबा उघडायचा, भाग चिंचेनं घासायचे, मऊ कापडात गुंडाळून परत ठेवायचे. पितळ असं झळकायचं की डोळे दिपावेत. गाडी तसूभर पुढं सरकली नव्हती, पण उत्साह कसा दांडगा!

"अहो," सुमन म्हणायची, "देवापुढची समई काळीठिक्कर पडलीय. जरा त्या कार्बोरेटरची चिंच उरली तर बघा."

दिवाळी आली. घराची झाडलोट करताना ती आतून काहीतरी बोलली. मी पेपर वाचत होतो, म्हणालो, "हूं."

माझ्या संसारातले सगळे अपघात या 'हूं'नं झालेत. ती काय म्हणाली होती? "तुमचं भंगार गॅलरीतनं काढून आतल्या मांडणीवर ठेवलंय, सुतळी बांधून. लोकांचे डबे तुम्ही अडवून बसलाय, म्हणून फराळ मी नव्या प्लॅस्टिकच्या डब्यांत भरलाय. तो ओट्याखाली आहे." एवढं सगळं त्या एका 'हूं'मध्ये गडप झालं.

मग ती लेकीला फराळ द्यायला पुण्याला गेली. जाताना दारातून बजावलं, "कदम वहिनी, विटा आणि मामा. तिन्ही डबे पोचवा."

मी मांडणीकडं बघितलं. तीन डबे, तीन नावं, वर सुतळीची गाठ. सरकारी माणसाला आणखी काय लागतं? मला वाटलं, हिनं माझे भाग काढून कुठंतरी फेकले आणि डब्यांत फराळ भरला. राग आला. पण दिवाळीचं भांडण नको म्हणून गिळला. डबे उचलले, तर हे जड! म्हटलं, लाडू यंदा दणकट झालेत. हलवून बघितला, तर आत खडखडलं. म्हटलं, शंकरपाळी असणार.

हसू नका. आमच्याकडची शंकरपाळी तुम्ही खाल्लेली नाहीत.

कदम वहिनींना दारातच डबा दिला. मामांचा गावाकडं जाणाऱ्या दूधगाडीत चढवला. विट्याचा मात्र स्वतः एसटीनं घेऊन गेलो. आमचे साडू आनंदराव दक्षिणेत सोनं गाळायचं दुकान चालवतात, दिवाळीपुरते विट्याला येतात; एक लहान भट्टी तिथल्या घरीही आहे. माझी परतीची एसटी सुटायच्या बेतात होती. मी त्यांच्या हातात डबा ठेवला, म्हटलं, "बसत नाही. तुमच्यावर सोपवलंय, आता तुम्ही आणि ते," आणि पळालो. आनंदरावांनी डबा हातात तोलला. माझ्याकडं जरा विचित्र नजरेनं बघत राहिले.

दोन दिवसांनी सुमन परतली. चप्पल काढून ओट्याखाली वाकली.

"डबे पोचवले नाहीत?"

"पोचवले की. तिन्ही."

"मग हे काय आहे?"

ओट्याखाली तीन प्लॅस्टिकचे डबे. एकाचं झाकण तिनं उघडलं. आत चिवडा.

पायाखालची जमीन सरकते म्हणतात ना? माझी फरशीसकट सरकली.

आधी शेजारी धावलो. कदम वहिनी दारात उभ्याच होत्या, कमरेला पदर खोचून.

"भावजी, आवं एवढं मनात धरायचं व्हय? मागच्या वर्षी माझ्या चकल्या जरा कडक झाल्या, मान्य. पर म्हणून लोखंडाच्या चकल्या पाठवायच्या?"

बघा, गिअरचं चाक आणि चकली. गोल, काटेरी, मध्ये भोक. मी इतके महिने घासत होतो, मला कधी दिसलं नव्हतं.

"वहिनी, तसं नाही हो..."

"कसं न्हाई? पावण्यांम्होरं डबा उघडला मी! आमच्या जावयानं एक दाताखाली धरून बी बघितली!"

त्यांच्या जावयाचे दात शाबूत होते, एवढंच माझं नशीब. गिअर परत मिळाले, वर फराळाचं ताट मिळालं. त्यात चकल्या नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी विटा. आनंदरावांनी मला आत नेलं, दार लोटलं, खांद्यावर हात ठेवला. म्हणाले, "आण्णा, मन घट्ट करा. पितळ निघालं."

"निघालं म्हणजे? आनंदराव, कुठंय ते?"

त्यांनी रुमालातून एक गोळा काढून माझ्या तळहातावर ठेवला. लिंबाएवढा. गुळगुळीत. अजून चमकत होता.

"गाळलं?" मी गोळा उलटासुलटा करून बघितला.

"आता आमच्या धंद्याची रीत तुमाला म्हाईत हाय. पावणा डबा हातात देऊन, आत काय हाय ते सांगितल्याबिगर निघून गेला, की आमी इचारत न्हाई. कुणाच्या घरात काय यळ आली आसंल, कोण सांगणार?"

"अहो, पण बघितल्याबरोबर तुम्हाला कळलं नाही, हे पितळ आहे?"

"कळलं की! लांबनंच कळलं. पर तुमी चिंचंनं घासून, मऊ फडक्यात गुंडाळून, येवढ्या मायेनं ठेवलेलं. म्हटलं, आण्णा बिचारे सोनं समजून बसल्यात. त्यांचं मन कसं मोडायचं? निदान गाळून बगावं. पोटात रतीभर निघालं तर निघालं." त्यांनी सुस्कारा सोडला. "न्हाई निघालं."

आणि हे एवढ्यावर थांबलं असतं तर मी तुम्हाला सांगत बसलो नसतो. आनंदरावांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. फक्त बायकोला सांगितली. आठवड्याच्या आत माझ्या दारात गुळाची ढेप आली. मग सांगलीहून मावससासूंनी हळद पाठवली. शिरवळच्या मेव्हण्यानं तांदळाचं पोतं आणून टाकलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, "दाजी, दिवस काय सारखेच राहत न्हाईत."

पेन्शन वेळेवर येतेय हे मी कुणाकुणाला पटवू? जितकं ओरडून सांगावं, तितकं लोक जास्त हळहळायचे. "मानी माणूस हाय," म्हणायचे.

राहिला मामांचा डबा. तिकडं जायला माझे पाय उचलत नव्हते. सलीम मिस्त्रींनी सगळीकडं फोन करून झाले होते. तसला कार्बोरेटर आता कुणाकडंच नव्हता. पौर्णिमा तर दारात आलेली.

गेलो. मामा ओसरीवर बसले होते. समोर पांढरं फडकं अंथरलेलं, त्यावर काटा, हॉर्न आणि कुलूप ओळीनं मांडलेलं. फौजेत बंदुका तपासायला मांडतात तसं.

"या जावयबापू. गाडी काय यक यक डबा करून पाठिवताय व्हय?"

मी खाली बसलो. तोंड वर करवेना. "मामा, गाडी सुरू होत नाही. आता होणारही नाही. कार्बोरेटर विट्याच्या भट्टीत गेला."

सगळं सांगितलं. 'हूं'पासून गोळ्यापर्यंत.  मामा हॉर्न उचलून त्यावर अंगठा फिरवत राहिले. त्या अंगठ्याकडं बघून मला वाटलं, पंगतीत घास गिळला असता आणि शब्दही गिळला असता, तर फार बरं झालं असतं.

मग त्यांनी विचारलं, "चाकं हाईत?"

"आहेत."

"फिरत्यात?"

"फिरतात."

"हँडल, शीट?"

"तेवढंच आहे, मामा."

"मग रडताय कशाला? आमी चिखलातनं तोफा ढकलल्यात. ही तर माजी स्कूटर हाय."

पौर्णिमेच्या सकाळी गाडी टेम्पोनं गावी नेऊन मामांच्या दारात उभी केली. नवाकोरा निळा रंग, इंजिन सुटंच कराडात, त्याच्या जागी आत हवा. मामा डोक्याला फेटा बांधून, छातीवर पदकं लावून पुढं बसले. दोघांनी धरून बसवावं लागलं. पण हँडलला हात लागला आणि म्हातारा असा ताठ झाला, की सुमननं डोळ्याला पदर लावला. सवयीप्रमाणे त्यांनी गाडी डाव्या अंगाला जरा कलंडवली. तिच्या कानात काय सांगितलं, देव जाणे.

तुम्ही पुढं, मी मागं, असा शब्द दिला होता ना मी? तंतोतंत पाळला. मागं मीच होतो. वाकून, दोन्ही हातांनी ढकलत.

देऊळ चढावर. ओट्याओट्यावर माणसं. मामा एका हातानं रामराम घालत चाललेत, पोरं मागं पळतायत, आणि मी धापा टाकतोय. घाम डोळ्यात, फेस तोंडाला.

"सुभेदार, गाडीचा आवाज येईना व्हय?" कुणीतरी ओरडलं.

मामा वळूनही न बघता म्हणाले, "जुनं इंजन काढून टाकलं. जावई बसिवलाय!"

सगळा रस्ता हसला. आनंदराव शेजारून चालत होते, पितळेच्या गोळ्याचं पाप थोडं हलकं करावं म्हणून एक हात लावत. त्यांनाही चेव आला. "मामा, मग ॲव्हरेज काय देतंय?"

मामांनी गाडी थांबवली. म्हणजे पाय टेकले; थांबलो मी. मान वळवून त्यांनी मला वरपासून खालपर्यंत नीट न्याहाळलं.

"न्हाई गड्या, लय खातंय," ते म्हणाले. "यका चढाला दोन कप च्या!"