मूठ उघड म्हणणारी बाई

लेइ यिनमेइ ह्या बाईबद्दल मला एक दिवसही चांगलं वाटलं नाही. आज वाटतं, असाही कुणी गैरसमज करून घेऊ नये. चीनमधल्या आमच्या लोंगछ्वान गावात तलवारी घडवणारे गल्लोगल्ली आहेत, विकणारे त्याहून जास्त, पण दुसऱ्यांच्या पोटावर पाय देत बसलेली ही एकटीच. वय एकसष्ट, ठेंगणी, डोंगरावरच्या शे जमातीतली. धंदा पाती घासून त्यांना चकाकी आणायचा. दगड घासून घासून बोटं चपटी झालेली, नखांत कायम काळं. गाव तिला लेइ मावशी म्हणायचं. तोंडावर मीही मावशीच म्हणायचो. मनात काय म्हणायचो ते लिहिण्याजोगं नाही.

मी फान जिवू. तलवारींच्या बाजारात दुसऱ्या मजल्यावर माझं दुकान. दुकान म्हणजे एक खोली, निळा पडदा, दोन दिवे, एक मोबाईल आणि तो मोबाईल धरणारी माझी बायको सुयुन. जुन्या राजवटींतल्या तलवारींच्या नकला आम्ही मोबाईलवर लाईव्ह दाखवून विकतो, निम्म्या देशात, निम्म्या समुद्रापार. मी जन्मात भट्टीपुढे उभा राहिलेलो नाही. माल गावाबाहेरच्या एका कारखान्यातून यायचा, मी फक्त बोलायचो. आणि बोलण्यात माझा हात धरणारा त्या बाजारात कुणी नव्हता.

ही बाई सकाळभर पाती घासायची, नगावर मजुरी घ्यायची. दुपारचा भात झाला की चष्मा चढवून मोबाईल उघडायची आणि तलवारी घेणाऱ्यांच्या एका ग्रुपवर जाऊन बसायची. तिथे हजारो माणसं. कुणीतरी विचारायचं, मावशी, अमक्या दुकानातून घेऊ का? त्याला चार हजार लोकांनी पाच तारे दिलेत. ही लिहायची, “तारे पार्सल उघडल्या दिवशी देतात. तलवार मोडते नंतर.” तलवारीचा फोटो ती बघायचीच नाही. म्हणायची, दुकानदाराशी तुझं काय बोलणं झालं ते पाठव. ते वाचून दोन गोष्टी विचारायची. ही तलवार घेऊन तू काय करणार, असं त्याने विचारलं का? आणि मूठ उघडून दाखव म्हटल्यावर तो काय म्हणाला? उत्तर पटलं नाही की एकच शब्द, “सोड.” त्या एका शब्दाने बाजारातली दोन दुकानं बसली होती. मी तोवर वाचलो होतो, कारण तिला माझ्याबद्दल कुणी विचारलं नव्हतं.

मुठीचं काय एवढं, तर पात्याचं शेपूट मुठीच्या आत जातं. ते पात्याच्याच लोखंडाचं, रुंद, मुठीच्या टोकापर्यंत गेलेलं असेल तर ती तलवार हातात धरायची. आमचे लोहार आपलं नावही त्या शेपटावर कोरतात, जिथे कुणाच्या नजरेस पडत नाही. भिंतीची तलवार वेगळी. घरावर वाईट नजर पडू नये म्हणून लोक ती दारावर टांगतात आणि म्यानातून कधी काढत नाहीत. तिला रुंद शेपूट हवंय कशाला? पात्याच्या बुडाला बारीक सळई वेल्डिंगने जोडायची, जोड घासून टाकायचा, वर मूठ बसवायची. त्यात लबाडी नाही, सगळं गाव करतं. लबाडी तेव्हा, जेव्हा भिंतीची तलवार कुणाच्या हातात दिली जाते. आणि एकदा मूठ बसली की कोणती कुठली हे देवालाही सांगता येत नाही.

लिश्वेइ शहरात एका बागेत रोज सकाळी म्हातारी मंडळी तलवारीचे हात करतात. त्यांचे छ्यू गुरुजी म्हणजे निवृत्त भूगोलाचे मास्तर. त्यांनी माझ्याकडे तीस तलवारी मागितल्या, बिनधारेच्या. फोनवर विचारलं, “जोरात फिरवायला चालतील ना?” मी म्हटलं, “गुरुजी, तुम्ही दमाल, तलवार दमायची नाही.” कारखान्यात तेव्हा भिंतीचाच माल तयार होता. म्हातारी माणसं, हळूहळू हात फिरवणार, काय होतंय, असं म्हणून मी तोच पाठवला. वर लाईव्हवर मिरवलंही, की लिश्वेइचे गुरुजी आता आमच्याच तीस तलवारी फिरवतात.

चार दिवसांनी मी त्याच तलवारीचं लाईव्ह करत होतो, आणि माझं ते मिरवणं ऐकलेली लेइ मावशी जिना चढून थेट आत आली. चप्पलसुद्धा काढली नाही.

“फान, मूठ उघड.”

“मावशी, लाईव्ह चालू आहे.”

“म्हणून तर आले. उघड.”

“चिकटवलेली आहे हो. उघडली तर लाकूड फुटेल.”

“फुटू दे. लाकूड मी देते. मूठ धरणाऱ्या दोन खुंट्या तर ठोकून काढायच्यात.”

“तुम्हाला समोरच्या दुकानवाल्याने पाठवलंय ना? काय मिळालं?”

“त्याचा धंदा गेल्या महिन्यात मीच बसवला. जा, विचारून ये.”

सुयुनने मोबाईल खाली घ्यायला हवा होता. जो बोलेल त्याच्याकडे कॅमेरा वळवायची तिला सवय, तिने तो म्हातारीवर धरला. बघता बघता खाली कॉमेंटची रांग लागली : मूठ उघड, मूठ उघड. मी लाईव्ह बंद केलं. बंद केलं तिथेच मी संपलो. संध्याकाळपर्यंत एक ऑर्डर नाही, दुसऱ्या दिवशीही नाही.

मग मीही गप्प बसलो नाही. ती पैसे खाऊन दुकानं बदनाम करते असं बाजारभर केलं. तिला घासायला पाती देणाऱ्या तीन कारखान्यांत स्वतः जाऊन आलो, दोघांनी तिचं काम तोडलं. मला वाटलं, येईल आता गयावया करत. ती आली नाही. ग्रुपवर तिचं “सोड, सोड” चालूच राहिलं, उलट आता तिला वेळ जास्त होता.

अशात एका जुन्या लोहाराकडून मला हवं ते सापडलं. मावशीचा मेलेला नवरा चेन शौगुइ, नावाजलेला कारागीर, पण शेवटची काही वर्षं त्याने निव्वळ भिंतीचा माल केला होता. आणि त्याच्या हातची एक तलवार अजून मावशीच्या दारावर टांगलेली होती. मला उकळ्या फुटल्या. सुयुन नको नको म्हणत होती, तिला ओढतच नेलं. वाटेतच लाईव्ह चालू करायला लावलं.

मावशी बांबूच्या कोंबांबरोबर परतलेल्या भाताच्या वड्या खात बसली होती.

“मावशी, मूठ उघडा,” मी म्हटलं. “ती वरची.”

तिने मान वर करून मोबाईलकडे पाहिलं. “चालू आहे का ते?”

“नऊ हजार माणसं बघतायत.”

“थांब, हात धुते.”

हात धुऊन, पुसून तिने स्टूल ओढलं, स्वतः चढली आणि तलवार खाली काढली. मी खुंट्या ठोकून काढायला हातोडी घेऊन आलो होतो. तिने नुसतं म्यान एका हातात धरलं आणि मूठ ओढली. मूठ एकटीच हातात आली. पातं म्यानातच राहिलं. मुठीतून तुटक्या सळईचं गंजलेलं टोक डोकावत होतं.

“भिंतीची होती,” ती म्हणाली. “एका शाळेतल्या मास्तराला आवडली. शिकवायला चालेल का, म्हणाला. शौगुइ म्हणाला, चालेल. हिचा जोड मी घासला होता. इतका साफ की माझा मलाच सापडेना. शौगुइ म्हणाला, यिनमेइ, तुझ्या हाताला तोड नाही.”

“मग?” हे सुयुनने विचारलं. मला विचारायचं नव्हतं.

“फिरवताना सुटली. त्याची बायको बाजूला उभी होती. डोळा गेला तिचा.” मावशीने मूठ टेबलावर ठेवली. “मास्तर इथे आला. मला वाटलं, भांडायला आला. तर म्हणाला, माझाच हात चुकला, तुमची चांगली तलवार मी मोडली, माफ करा. आणि ही परत देऊन गेला. आम्ही दोघं गप्प बसलो. चहा दिला त्याला.”



“आता तू सांग, फान. लिश्वेइच्या तीस कुठल्या आहेत? हातातल्या की भिंतीवरच्या?”

मी सुयुनला म्हटलं, बंद कर. तिने बंद केलं नाही. नऊ हजार माणसांपुढे मी पाठ फिरवून बाहेर पडलो.

दुसऱ्या दिवशी पहाटेची पहिली बस धरून लिश्वेइला गेलो. मनातून त्या म्हातारीला शिव्या देतच गेलो. वाटलं होतं, गुरुजींना बाजूला घेईन, रंग बरोबर आला नाही, बदलून देतो, असं काहीतरी सांगेन. बागेत पोचलो तर सगळे रांगांत उभे, आणि तीस तलवारी एकदम डोक्यावरून गरकन फिरल्या. हळूहळू कसले, चांगले सपासप हात चालले होते. पहिल्या रांगेमागे हातभरावर दुसरी रांग.

“थांबा! फिरवू नका!” मी ओरडलो.

गुरुजींनी ओळखलं. “अरे, फान साहेब! काय झालं?”

रंगाचं वाक्य तोंडात तयार होतं, ते आलंच नाही. “ह्या भिंतीवरच्या आहेत. मुठीत बारीक सळई आहे. मला माहीत होतं.”

“तुम्ही तर म्हणाला होतात, तलवार दमायची नाही.”

“खोटं बोललो.”

कुणीतरी आपली तलवार माझ्या पायाशी आपटली. मग एकेकाने. लाल जाकीटवाली एक आजी मात्र पुढे येईना. “माझी मी देत नाही. हाताला बसलीय ती. महिनाभर चांगली चालली, आता ह्याला परत हवीय. कुणीतरी जास्त पैसे देत असेल!”

मी तिच्या हातून ती घेतली, दगडाने खुंट्या ठोकून काढल्या, मूठ काढली आणि सळई दगडी बाकाच्या कडेवर मारली. दुसऱ्याच घावाला जोड तुटला आणि पातं खणखणत दुसऱ्या बाकाखाली गेलं.  आजी माझ्या बुटांपुढे थुंकली आणि म्हणाली, “तुझ्या आईला दिली असतीस का रे ही?”

दुपारी सगळ्या तलवारी पोत्यात भरून लेइ मावशीच्या दारात टाकल्या. खरं सांगायचं तर मला चार बरे शब्द ऐकायचे होते.

“आणल्या,” मी म्हटलं.

तिने पोत्याकडे बघितलंही नाही. “आधीच्या कुठे आहेत?”

“कुठल्या आधीच्या?”

“चार वर्षं विकतोयस ना? समुद्रापारसुद्धा. त्या काय सगळ्या हातातल्या होत्या?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. बुटांपुढे थुंकवून घेऊन आलो होतो, आणि ही अजून हिशेब मागतेय! “तुमच्या नवऱ्याच्या तुम्ही किती परत आणल्यात?”

“एक,” ती म्हणाली आणि दारावर बोट केलं. “तीसुद्धा मास्तराने आणून दिली म्हणून. बाकीच्यांचे पत्ते शौगुइने ठेवले नव्हते. मी ह्या मोबाईलवर बसून अजून शोधतेय. तुझ्याकडे पत्ते आहेत.”

पोतं तिथेच सोडून मी घरी आलो.

पार्सलांचे पत्ते होते, सगळे. सुयुनने ते काढून दिले. प्रत्येकाला तेच लिहायचं : तलवार फिरवू नका, आम्ही तुम्हाला फसवलं, परत पाठवा. दिवसाला तीस-चाळीस जमायचे. बरेच लोक उत्तरच देत नव्हते. काहींनी आईबहिणीवरून शिव्या दिल्या, काहींना ही नवीन काही ठकबाजी वाटली. बाजारात मला बघून लोक हसायचे. शेजारचा दुकानवाला मोठ्याने विचारायचा, “काय फान, आज किती तलवारी मागे घेतल्यास?”

तिसऱ्या आठवड्यात पोर्तुगालहून एका बाईचं उत्तर आलं. मोबाईलनेच भाषांतर केलं होतं. लिहिलं होतं : “तलवार गेल्या वर्षी मोडली. माझ्या नवऱ्याची दोन बोटं गेली. तुम्हाला कळवलं नाही, कारण आम्हाला वाटलं, त्याचाच हात चुकला. तोही अजून तेच म्हणतो. तलवार आली त्या दिवशी आम्ही तुम्हाला पाच तारे दिले होते. ते तसेच आहेत.”

मी मोबाईल घेऊन लेइ मावशीकडे गेलो. का गेलो ते मला सांगता येणार नाही, दुसरीकडे कुठे जायचं ते सुचलं नाही. ती पातं घासत होती. तिने हात पुसले, चष्मा चढवला, सगळं वाचलं, पुन्हा वरपासून वाचलं.

“काय लिहिलंस तिला?”

“अजून काही नाही.”

“मग इथे का उभा आहेस?” ती माझ्यावर खेकसली. “आत्ता लिही, हात तिच्या नवऱ्याचा चुकला नव्हता म्हणून. त्या मास्तराला मी चहा दिला होता रे. नुसता चहा.”

तिने मोबाईल माझ्या अंगावर टाकला आणि पात्यावर पाणी ओतलं. मी तिच्या उंबऱ्यावरच बसून लिहायला घेतलं.