भट्टीपुढची डुलकी

वीस वर्षं बेकरीच्या भट्टीपुढे उभं राहून पाववालीच्या केसांची पार केरसुणी झाली होती. उद्या लेकीच्या लग्नात तरी ते मऊ दिसावेत, म्हणून तिनं अंडं-दही फेटून डोक्याला थापलं आणि सवयीनं भट्टीपुढेच टेकली. उबेत डोळा लागला. स्वप्नात केस नदीसारखे पाठीवरून वाहत होते. जाग आली, तेव्हा डोक्यावर अंड्याची पोळी झाली होती.

“सूनबाई, वरून मीठ-मिरी टाकू?” सासूबाईंनी विचारलं.

“हसताय काय, सोडवा आधी!”

सासूबाईंनी गार पाण्यानं एकेक बट सोडवली, कोमट तेल जिरवलं. त्या बोटांखाली नदी पुन्हा वाहू लागली.

सकाळी लेकीनं तिची वेणी घातली.

“आई, किती मऊ गं! पण वास मात्र ताज्या पावाचाच येतोय.”