दुसऱ्या जहाजातली खिडकी

मळवलीत माझ्या प्लॉटशेजारच्या बंगल्याची राखण करणारे भाऊ पूर्वी प्रवासी जहाजांवर लाँड्रीत होते. अजूनही टॉवेलची घडी घातली की ते त्यावर दोनदा थाप मारतात. खिशात दोन जहाजांचे फोटो असतात आणि भेटेल त्याला ते विचारतात, "सांगा, फरक काय?"

मी जाणकाराचा आव आणून म्हणालो, "काहीच नाही. एकाच नकाशावर बांधलेली दिसतात."

"नकाशा एकच, साहेब. पर पयल्या जहाजात आमच्या जेवायच्या खोलीला खिडकी हुती. दुसऱ्यात ती जागा पाव्हण्यांच्या खोल्यांना दिली. सा म्हयने आमी भिताडाकडं बघून जेवलो."

मी मनापासून हळहळलो, आणि विसरलो.

पुढे शेजारच्या बंगल्याच्याच नकाशावर मी माझा बंगला बांधला आणि तिथलं काम सोडून माझ्याकडे राखणीला या, अशी भाऊंनाच गळ घातली. त्यांची खोली दाखवताना ऐटीत म्हणालो, "नकाशा तोच, भाऊ. फक्त तुमच्या खिडकीच्या जागी बाहेरून पार्टीसाठी बार्बेक्यूची शेगडी घेतलीय."

भाऊंनी गवंड्याचा खडू उचलला आणि कोऱ्या भिंतीवर ठसठशीत चौकोन काढला.

"हितं खिडकी. न्हाईतर दुसरा मानूस बघा."

"आणि शेगडी?"

"समुद्रात टाका."

शेगडी गेली, भिंत फुटली, भाऊ राहायला आले. दोन्ही बंगले इतके सारखे, की अजूनही मी गाडी शेजाऱ्याच्या फाटकात घालतो. मग त्या खिडकीतून हाक येते, "साहेब, तुमचं जहाज हिकडं!"