पायपेटीची करकर

शिवणकाकूंना हे नाव कुणी दिलं, ते आता कुणालाच आठवत नाही. आठवडाभर त्या कोपऱ्यावरच्या दुकानात झिजलेल्या कॉलरी उलटवून देत आणि रविवारी चर्चमध्ये पायपेटी वाजवत. दोन्हीकडे काम पायांचंच. अशी एकतीस वर्षं गेली.

यंदा गायनमंडळाने नाताळच्या गाण्यांची एक गमतीची स्पर्धा फोनवर काढली. ज्याने त्याने आवडतं रेकॉर्डिंग पाठवायचं. रोज दोन गाण्यांची जोडी लागायची, मतं पडायची, हरेल ते बाद. काकूंनी मंडळाचीच जुनी कॅसेट शोधून काढली. पायपेटीवर त्या स्वतः होत्या. स्टुडिओत काम करणाऱ्या भाचीने ती फोनवर चढवून दिली आणि बघता बघता गाणं उपांत्य फेरीत पोचलं.

काकूंनी ते ऐकलंच नव्हतं. "पाठ आहे मला," म्हणायच्या. मग एका गिऱ्हाइकाने कौतुकाने दुकानातच लावलं. काकूंचा पाय मशीनवर थबकला. त्यांनी तिथूनच भाचीला फोन केला.

"यात माझी पायपेटी करकरत का नाही गं?"

"साफ केलं ना मावशी! प्रत्येक ओळीच्या शेवटी ती करकर. दोन दिवस बसले होते त्यासाठी."

"अगं बाई, त्या करकरीवरच तर सगळे श्वास घ्यायचे! हाताने ताल दाखवणारं तेव्हा कोण होतं आम्हाला? मी मुद्दाम पाय दाबायचे. आता ऐक जरा. ओळ संपली की सगळे कसे उगाच ताटकळल्यासारखे वाटतात."

भाचीने ऐकलं. मग म्हणाली, "होय गं. चुकलंच माझं."

संध्याकाळी तालमीला काकू गायनमास्तरांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. स्पर्धेचे पंच तेच.

"मूळचं लावा, नाहीतर माझं गाणं काढून टाका."

"काकू, जिंकत आलंय ते! करकरीला कोण मत देणार?"

"नका देऊ. पण माझे पाय कापून मला शर्यतीत पळवू नका."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. मास्तरांनी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी मूळ रेकॉर्डिंग लागलं, करकरीसकट. समोर एका मोठ्या वृंदाचं काचेसारखं लख्ख गाणं होतं. त्याला सव्वीस मतं पडली, काकूंना अकरा.

तिसऱ्या दिवशी सकाळीच मास्तर शर्ट घेऊन दुकानात हजर. "सांगत होतो की नाही? हरलात!"

"हरले. पण हरले ती मीच. आधी जिंकत होती ती बाई कोण, मला ठाऊक नाही." काकूंनी शर्ट उलटा करून कॉलर पाहिली. "त्या अकरांत तुम्ही होता का?"

मास्तर घुटमळले. "खोटं कशाला बोलू? नव्हतो. हा शर्ट शुक्रवारी मिळेल ना?"

"सोमवारी," काकू म्हणाल्या.