वाकडे उच्चार

भाजीवाल्या बाईंसमोर माझ्या सासूबाई उभ्या होत्या आणि दोघी पोट धरून हसत होत्या. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चेंगदूला राहायला आलो होतो आणि सासूबाई तिथे महिनाभरासाठी आल्या होत्या. त्यांनी दुधी उचलून चक्क मराठीत विचारलं, "याला काय म्हणता हो?" बाईंनी चिनी नाव सांगितलं. सासूबाईंनी ते इतकं वाकडं उच्चारलं, की हसता हसता बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग त्यांनी आपणहून कांद्याच्या पातीची एक जुडी सासूबाईंच्या पिशवीत घातली.

मला हेवा वाटला, अगदी शाळकरी हेवा. इथे येण्याआधी वर्षभर मी पुण्यात चिनी शिकले होते, आरशासमोर उभी राहून एकेक स्वर घोटला होता. माझं वाक्य बिनचूक असायचं. बाई मान हलवायच्या, भाजी द्यायच्या आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायच्या. मी कधी चुकलेच नाही, म्हणून मला काही शिकवावं असं त्यांना वाटलं नसेल.

सासूबाई परत गेल्यावर मी एकटीच भाजीला गेले. बाईंनी पहिल्यांदाच मला आपणहून काही विचारलं, "आजी कुठे आहेत?"

शब्द न् शब्द कळला. "त्यांच्या घरी गेल्या," मी म्हणाले.

"पुन्हा कधी येणार?"

ठरलेलं काहीच नव्हतं आणि मनात अजून खुपत होतं. तरी बाईंचा चेहरा बघून मी म्हणाले, "पुढच्या वर्षी."

घरी आल्याबरोबर फोन लावला. "आई, पुढच्या वर्षी यायचंच हं. इथे तुमची वाट बघतायत."